उसाच्या वाटेवरची मोटार

दिवाळीच्या सुटीत कोठे जावे, या प्रश्नाची उत्तरे आपल्याकडे ठरलेली असतात. महाबळेश्वर, माथेरान, फार तर गोवा. त्यामुळे मी 'बारामती-इंदापूर' असे उत्तर दिले तेव्हा घरातल्या मंडळींनी माझ्याकडे जरा काळजीनेच पाहिले. "तिथे पाहायचे काय?" सौ.ने विचारले. "जकात," मी म्हणालो. "जकात नाके उठून किती वर्षे झाली!" असे म्हणून तिने विषय मिटवला होता, पण चिरंजीवांना मोटारींचे वेड आहे, आणि त्या भागात मोटारींची कुळकथा सापडते असे मी त्याला सांगितले. मुलाचा हट्ट पुढे करून मग आम्ही तिघे निघालो.

जकात नाके उठले हे खरे. मालट्रकांच्या रांगा, पावत्यांची पुस्तके आणि रस्त्यावर आडवा बांबू टाकून बसलेला शिपाई, ही झाली गावाच्या वेशीवरची जकात. देशाच्या वेशीवर दुसरी एक जकात असते. परदेशी माल बंदरात उतरला की त्याच्यावर कर बसतो, आणि तो किती बसवायचा यावर कोणता कारखाना कोणत्या देशात, कधी कधी कोणत्या गावात उभा राहायचा, हे ठरून जाते. वाचताना हे अर्थशास्त्राच्या पुस्तकातले कोरडे वाक्य वाटेल. बारामतीहून इंदापूरला जाणाऱ्या पन्नासेक किलोमीटरच्या रस्त्यावर मात्र ते डोळ्यांनी पाहता येते.

पुणे-सोलापूर रस्त्याने पाटसपर्यंत यायचे आणि उजवीकडे वळायचे. वळणानंतर बराच वेळ माळ लागतो. कुसळे, बाभळी, मेंढरांचे कळप आणि क्षितिजापर्यंत उन्हात पडलेली जमीन. बारामती ओलांडून पुढे गेले की देखावा एकदम पालटतो आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना उसाचे फड उभे राहतात. एकाच तालुक्याचे हे दोन भाग, एक जिरायती आणि एक बागायती. त्यांच्यामध्ये डोंगर नाही की नदी नाही. फरक आहे तो माणसाने खोदलेल्या एका पाटाचा. नीरा डावा कालवा १८८५ साली वाहू लागला, १९२८ मध्ये भाटघरचे मोठे धरण पुरे झाल्यावर त्याला भरवशाचे पाणी आले, आणि जिथवर पाणी पोहोचले तिथवर माणसांचे दैव बदलले. वाचकांनी हा पाट ध्यानात ठेवावा. जकातीची गोष्ट समजायला त्याचा पुढे उपयोग होणार आहे.

बारामती हे कऱ्हाकाठचे गाव. मोरोपंतांनी येथेच बसून आपल्या आर्या रचल्या. तुकोबांची पालखी दर आषाढीला येथे मुक्काम करते आणि सणसर, बेलवाडी, निमगाव केतकीवरून इंदापूरला जाते. म्हणजे आम्ही जो रस्ता धरणार होतो तो वारकऱ्यांचाच. एके काळी दौंडहून येणारी नॅरोगेजची चिमुकली आगगाडी, गुळाची बाजारपेठ आणि पेठेतली जुनी घरे एवढ्यावर गावाची ओळख संपत असे. आज गावाबाहेर औद्योगिक वसाहत पसरली आहे, आणि तिच्यात इटलीच्या पियाज्जिओ कंपनीचा कारखाना आहे.

पियाज्जिओ हे नाव पुष्कळांना परके वाटेल, पण तिचे अपत्य सर्वांच्या ओळखीचे आहे. दुधाचे कॅन, टोमॅटोचे क्रेट, लग्नाची भांडी आणि वेळप्रसंगी अख्खे वऱ्हाड वाहून नेणारी ती तीन चाकांची 'आपे'. इटालियन भाषेत आपे म्हणजे मधमाशी. हिची थोरली बहीण 'व्हेस्पा', म्हणजे गांधीलमाशी. महायुद्धाने मोडून पडलेल्या इटलीत १९४६ साली व्हेस्पा जन्मली आणि १९४८ साली आपे. ग्रीव्हज कंपनीशी भागीदारी करून पियाज्जिओ १९९८ मध्ये हिंदुस्थानात आली, आणि मधमाशीने आपले पोळे लावले ते बारामतीला. २०१२ मध्ये शेजारीच व्हेस्पाही तयार होऊ लागली.

"बाबा, पण इटलीची गाडी इटलीतच करून जहाजाने का नाही आणत?" चिरंजीवांनी विचारले. प्रश्न बिनतोड होता. तयार गाडी बंदरात उतरवली तर तिच्यावर इतकी जकात बसते की गिऱ्हाईक किंमत ऐकूनच माघारी फिरावे. येथील मजुरी आणि येथील अफाट बाजारपेठ ही कारणेही आहेतच. पण भिंत ओलांडण्यापेक्षा भिंतीच्या आत येऊन बिऱ्हाड थाटणे स्वस्त पडते, हे मोटारधंद्याचे जुने शहाणपण आहे. ते शहाणपण जगाला शिकवले उत्तर अमेरिकेने. आणि गंमत अशी की त्याचा एक धागा याच रस्त्यावर, उसाच्या फडात येऊन अडकलेला आहे.

बारामती सोडली. काटेवाडी गेली. भवानीनगरचा छत्रपती सहकारी साखर कारखाना मागे पडला. पुढे जंक्शन नावाच्या गावापाशी वालचंदनगरचा फाटा फुटतो. आम्ही तिकडे वळलो.

वालचंदनगर हे गाव जकातीने वसवले, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. १९३० च्या सुमारास आपल्या चहात जी साखर पडे, ती मोठ्या प्रमाणात जावा बेटावरून येई. आपल्याकडे ऊस होता, गूळ होता. पण जावाच्या स्वस्त साखरेपुढे गिरणीची साखर उभी राहीना. तेव्हा जकात मंडळाने चौकशी केली आणि १९३२ साली साखर संरक्षणाचा कायदा झाला. परदेशी साखरेवर दर हंड्रेडवेटला, म्हणजे सुमारे पन्नास किलोंना, सव्वासात रुपये जकात बसली. त्या वर्षी देशात आधुनिक साखर कारखाने होते तीसएक. तीन-चार वर्षांत ते सव्वाशेच्या पुढे गेले. त्यांतलाच एक, १९३३-३४ च्या सुमारास, इंदापूर तालुक्यातील कळंबजवळच्या माळावर उभा राहिला. तो उभारणारे गृहस्थ होते सोलापूरचे वालचंद हिराचंद.

या संरक्षणाची एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. कायद्यातच मुदत घातलेली होती: १९४६ पर्यंत. पुढे ती थोडी वाढली आणि १९५० साली संरक्षण उठले. लहान मुलाला पांगुळगाडा द्यावा, तसे ते होते. चालायला शिकेपर्यंत गाडा; नंतर काढून घ्यायचा.

वालचंदांना साखरेवर समाधान नव्हते. त्यांनी जहाजे काढली, विमानाचा कारखाना काढला, आणि मोटार हिंदुस्थानात झाली पाहिजे हा त्यांचा ध्यास होता. विश्वेश्वरय्यांनी तशा कारखान्याची योजना आधीच आखून ठेवलेली होती. १९३९ मध्ये वालचंद बोलणी करायला अमेरिकेला गेले. फोर्डशी जमले नाही, कारण हिंदुस्थानची बाजारपेठ अमेरिकेतल्या फोर्डकडे नव्हतीच. ती होती कॅनडातल्या फोर्ड कंपनीकडे!

हे कसे झाले? अमेरिकेचे डेट्रॉईट शहर आणि कॅनडाचे विंडसर शहर यांच्यामध्ये फक्त एक नदी आहे. अल्याडच्या काठावर उभे राहिले की पल्याडच्या इमारती दिसतात. पण कॅनडाने बाहेरच्या मोटारींवर ३५ टक्के जकात बसवली होती. म्हणून १९०४ साली फोर्डची कॅनडातली कंपनी पल्याडच्या काठावर, वॉकरव्हिलच्या एका गाड्यांच्या कारखान्यात निघाली. नदीच्या या तीरावर जी मोटार होते तीच त्या तीरावर, केवळ जकात चुकवण्यासाठी. शिवाय कॅनडा पडला ब्रिटिश साम्राज्यातला देश. साम्राज्यातल्या कित्येक बाजारपेठांत त्याच्या मालाला सवलत मिळे. म्हणून खुद्द ब्रिटन सोडून साम्राज्यातली विक्री कॅनडाच्या कंपनीकडे सोपवली गेली. १९२६ मध्ये हिंदुस्थानात जी फोर्ड कंपनी निघाली, ती या कॅनडाच्या कंपनीची लेक होती. ती सुटे भाग आणून येथे जोडी. जनरल मोटर्सही १९२८ पासून मुंबईत शिवडीला तेच करी. अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या जकातीची सावली ही अशी इंदापूरच्या कारखानदारापर्यंत पोहोचली होती.

वालचंदांनी मग क्रायस्लर कंपनी गाठली आणि १९४० मध्ये करार केला. पण ब्रिटिश सरकारने हात आखडला. साखरेला जी कुंपणाची सावली मिळाली, ती मोटारीला मिळेना. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना झाली आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ, डिसोटो या मोटारी आणि फार्गो ट्रक बाहेर पडू लागले. पुढे फियाट कंपनीशी करार झाला. वालचंद १९५३ मध्ये वारले. त्याच वर्षी जकात आयोगाने आपला मोटारधंद्यावरचा अहवाल दिला: ज्यांना टप्प्याटप्प्याने संपूर्ण मोटार येथेच बनवायची असेल, त्यांनीच राहावे, नुसते भाग जोडणाऱ्यांनी गाशा गुंडाळावा. फोर्ड आणि जनरल मोटर्स गेल्या. प्रीमियर राहिली. जे वालचंदांना हयातीत मिळाले नाही, ते त्यांच्या पश्चात कंपनीला भरभरून मिळाले.

भरभरूनच, असे म्हणायला हवे. कारण साखरेच्या कायद्यात होती तशी मुदत येथे कोणी घातलीच नाही. पांगुळगाडा दिला तो दिलाच. कित्येक वर्षे देशात मोटारीचे दोन-तीनच प्रकार. फियाट ११०० नाव बदलून 'प्रीमियर पद्मिनी' झाली, पण अंगाने तशीच राहिली. स्कूटरचीही तीच कथा. बजाजने १९६० च्या सुमारास पियाज्जिओच्याच परवान्यावर व्हेस्पा बनवायला घेतली. १९७१ मध्ये परवान्याची मुदत सरली, आणि मग बजाजचा स्वतःचा 'चेतक' आला. स्कूटर उत्तम, पण नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. आमच्या पिढीतल्या अनेकांच्या घरी मुलीच्या शाळाप्रवेशाबरोबर स्कूटरची नोंदणी होई, ती तिच्या लग्नापर्यंत मिळावी या हिशेबाने.

तरी त्या कुंपणाला नुसती नावे ठेवणे कृतघ्नपणाचे होईल. त्याच्याच आडोशाला आकुर्डी-पिंपरीपासून भोसरीपर्यंत कारागिरांच्या दोन पिढ्या लोखंड कापायला, ओतायला, घासायला शिकल्या. वालचंदनगरच्या कारखान्यानेही साखरेची यंत्रे करता करता मजल मारली, ती इस्रोच्या अग्निबाणांची अंगे घडवण्यापर्यंत. १९९१ नंतर दारे उघडली तेव्हा परदेशी कंपन्यांना पुण्याच्या आसपास शिकलेले हात तयार मिळाले. १९७१ मध्ये करार संपवून गेलेली पियाज्जिओ बारामतीला आली, ती याच हातांच्या भरवशावर.

इकडे आपण कुंपण उंचावत होतो, तेव्हा तिकडे डेट्रॉईट आणि विंडसरने नदीवरचे कुंपण काढायला घेतले होते. जकातीमुळे कॅनडात कारखाने निघाले खरे, पण छोट्या बाजारासाठी थोड्या थोड्या मोटारी करायच्या म्हणजे त्या महाग पडत. १९६५ च्या जानेवारीत दोन्ही देशांनी करार केला: मोटारी आणि त्यांचे भाग इकडून तिकडे बिनजकात जावेत, मात्र कंपन्यांनी कॅनडातले उत्पादन तेथल्या विक्रीच्या प्रमाणात राखावे. १९९४ मध्ये मेक्सिकोही या गोतावळ्यात सामील झाला. तेव्हापासून तिकडच्या एका मोटारीचे भाग तयार होता होता सीमा अनेकदा ओलांडतात. २०२० मध्ये करार नव्याने झाला. त्यात अट आली की मोटारीचा ७५ टक्के भाग याच तीन देशांत झालेला हवा, आणि तिच्या किमतीतला ४० ते ४५ टक्के हिस्सा तासाला किमान १६ डॉलर मजुरी मिळवणाऱ्या कामगारांच्या हातचा हवा. जकातीच्या करारात कामगाराची मजुरी लिहिलेली पाहून मला मोठे नवल वाटले. काम मजुरी स्वस्त असलेल्या मेक्सिकोकडे वाहून जाऊ नये, म्हणून घातलेला तो बांध होता.

जकातीच्या जगात विनोदही काही कमी नाहीत. साठ वर्षांपूर्वी युरोपातल्या देशांनी अमेरिकन कोंबड्यांवर कर वाढवला. रागावलेल्या अमेरिकेने १९६४ पासून बाहेरच्या छोट्या मालमोटारींवर २५ टक्के जकात बसवली. कोंबड्यांचे भांडण केव्हाच विसरले गेले, पण जकात राहिली, आणि तिच्यामुळे जपानी कंपन्यांना आपले छोटे ट्रक अमेरिकेतच बनवावे लागले. इटलीची मधमाशी बारामतीत का आली, याचे उत्तर चिरंजीवांना अखेर कोंबडीच्या गोष्टीतून पटले.

निमगाव केतकी सोडून इंदापूरला पोहोचलो तेव्हा दिवस कलला होता. मालोजीराजांच्या आठवणीने पावन झालेले हे गाव. एका बाजूला उजनीचे अथांग पाणी, आणि तरीही तालुक्याचा काही भाग पाण्यासाठी झुरणारा. चहाच्या टपरीवर एक वयस्क शेतकरी भेटले. डाळिंबाची बाग असलेले. मी पाटाचा विषय काढला तशी ते हसले. "आमी टेलची माणसं," ते म्हणाले. "दार वरच्या अंगाला. सोडणारा तिकडं, घेणारा तिकडं. आमच्याकडं येतं ते उरलंसुरलं. कधी पाळी चुकते, कधी रातचं येतं. पण साहेब, पाळी कधी येणार एवढं जरी आधी कळलं, तरी माणूस पीक बघून लावतो."

त्यांच्या शेजारी त्यांचा नातू बसला होता. आय.टी.आय. करून बारामतीच्या एका लहानशा वर्कशॉपात लेथ चालवणारा. आजोबांचे बोलणे ऐकून तो म्हणाला, "काका, आमचं बी तेच. फक्त आमचं दार अमेरिकेत."

पोरगा शहाणा होता. पुणे जिल्ह्यात घडवलेले लोखंड दूरवर जाते. भारत फोर्जचा एक कारखाना बारामतीत आहे, आणि त्या कंपनीचे क्रँकशाफ्ट आणि पुढचे आस अमेरिकेच्या अवजड ट्रकांत बसतात. २०२५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेने बाहेरच्या मोटारींवर आणि मे महिन्यात सुट्या भागांवर २५ टक्के जकात बसवली. तीन देशांच्या कराराच्या अटीत बसणारे मेक्सिकोचे आणि कॅनडाचे भाग मात्र तिच्यातून वगळले. म्हणजे एकाच मापाचा, एकाच पोलादाचा भाग मेक्सिकोतून आला तर मोकळा, आणि पुण्याहून गेला तर त्याच्यावर चौथाई! नोव्हेंबरात अवजड ट्रकांवरही २५ टक्के बसले. डिसेंबरात मेक्सिकोच्या संसदेने, ज्यांच्याशी आपला करार नाही अशा देशांच्या मोटारींवरची जकात वाढवून ५० टक्क्यांपर्यंत नेली. तो फटका हिंदुस्थानलाही होता, कारण चाकणला होणाऱ्या फोक्सवॅगन मोटारी मेक्सिकोला जातात. त्याआधी तळेगावच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यातूनही मेक्सिकोला गाड्या जात. १९५४ च्या सुमारास गेलेली ती कंपनी दारे उघडल्यावर परतली होती. २०२० च्या अखेरीस तिने तळेगावचे उत्पादन थांबवले.

अशा वेळी आपण एकतर 'स्वदेशी' म्हणून भिंत उंचावण्याच्या गोष्टी करतो, नाहीतर 'खुला व्यापार' म्हणून ती पाडण्याच्या. या रस्त्याने मला निराळेच काही सांगितले. १९३२ ची भिंत वालचंदनगर उभारून गेली, कारण ती कधी उतरणार हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवले होते. १९५३ नंतरच्या भिंतीने कारागीर घडवले, पण तिला मुदत नव्हती. त्याची किंमत गिऱ्हाइकांनी वर्षानुवर्षे रांगेत उभे राहून दिली. अमेरिका आणि कॅनडा यांनी १९६५ मध्ये नियम लिहून दार उघडले, आणि त्या नियमांच्या भरवशावर दोन देशांनी मिळून एक धंदा उभा केला. २०२५ मध्ये तेच दार एका घोषणेने आपटले, तेव्हा नदीच्या दोन्ही काठांचे कामगार हवालदिल झाले. जकात कमी की जास्त, यापेक्षा ती केव्हा आणि किती दिवस हे आधी ठाऊक असणे, यावर माणसाचे पोट अधिक चालते. टेलच्या शेतकऱ्याने हे एका वाक्यात सांगितले होते. पाळी कळली तर माणूस पीक बघून लावतो.

पाटाच्या पाण्यासाठी निदान पाणीवाटप समितीत जाऊन भांडता येते, तालुक्याला मोर्चा नेता येतो. वॉशिंग्टनच्या दारावर इंदापूरचा मोर्चा जाणार कसा? तो न्यायचा तर दिल्लीच्या मार्गाने, करारांच्या मेजावर, आणि तेथे बसणाऱ्यांना बारामतीच्या लेथवरचा मुलगा ठाऊक असला पाहिजे. गावोगाव धावणाऱ्या आपेच्या मागे फुले, नावे, देवादिकांचे आशीर्वाद रंगवलेले असतात. तिच्या पोटात मात्र रोम, डेट्रॉईट, विंडसर आणि दिल्ली येथे झालेल्या सह्या असतात. त्या सह्या करणाऱ्यांनी एकदा तरी या रस्त्याने यावे. पाटसला उजवीकडे वळावे, आणि माळ कोठे संपतो व ऊस कोठे सुरू होतो, तेवढे नीट पाहून घ्यावे.